विहिरीतलं सल्फेट: खाणीचं की खाडीचं?

प्रश्न: दादा, आमच्या वरच्या डोंगरात लोहखनिजाची खाण आहे. पावसात तिथलं गाळाचं तळं (टेलिंग पाँड म्हणतात ते) भरलं की खालचा व्हाळ लालभडक वाहतो. माझी विहीर खाडीच्या अंगाला. मे महिन्यात पाणी तपासलं तर सल्फेट लिटरला ४३० मिलिग्रॅम. गावात सगळे म्हणतायत लाल मातीतूनच आलं. खरं काय?
— एक वाचक, वेंगुर्ला तालुका

उत्तर: रिपोर्टात क्लोराइडचा, म्हणजे मिठाच्या अंशाचा, आकडा असणार, तो तुम्ही कळवलाच नाहीत आणि खरी मेख तिथेच आहे. पण आधी लाल रंगाचं बघू. तो रंग हेमाटाइट-गोएथाइटचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा, त्यात गंधक नसतं, आणि सल्फेट बनायला तर गंधक हवंच. त्या गाळाने शेतं बसतात ते खरंच आहे, त्याची तक्रार जरूर करा, पण सल्फेट विरघळलेलं असतं नि त्याला रंग नसतो, त्यामुळे नितळ पाण्यातही ते भरपूर असू शकतं.

खाणीच्या गाळात सल्फेटचा मोठा धनी म्हणजे पायराइट, लोखंड आणि गंधकाचं खनिज. जमिनीत हवा लागत नाही तोवर ते गप पडून असतं, पण दळून तळ्यात टाकलं की हवा-पाणी मिळतं, वर बॅक्टेरिया हातभार लावतात आणि सल्फेटबरोबर आम्लही सुटतं. एक किलो पायराइट पूर्ण कुजलं तर साधारण १.६ किलो सल्फेट! पायरोटाइट, हेही लोखंड-गंधकाचंच खनिज, तर त्याहून लवकर कुजतं. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडसारख्या तांब्याच्या खाणीत धातुकच गंधकाचं, चाल्कोपायराइट, त्यामुळे तसल्या ठिकाणी हा प्रश्न मुळातच असतो. जिप्समला, म्हणजे कॅल्शियम सल्फेटला, मात्र हवा-बिवा काही लागत नाही, ते नुसतं विरघळतं, लिटरला दीडेक हजार मिलिग्रॅम सल्फेट होईपर्यंत. आणि लोक फसतात ते इथेच, कारण आम्ल मारायला चुना टाकला की जिप्समच तयार होतं, पीएच (आम्लपणाचं माप) छान सात-आठ दिसतो आणि सल्फेट तसंच राहतं. बॅराइटमध्येही सल्फेट आहे, पण ते जवळजवळ विरघळत नाही, ते सोडून द्या.

आपल्याकडचा जांभा युगानुयुगं पावसात धुतला गेलेला, त्यात पायराइट टिकणं कठीण, खाली ताजा कातळ लागला तर गोष्ट वेगळी. उलट खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या जमिनीच्या, काळ्या चिखलात पायराइट असतं बरं का, कोळंबीच्या तळ्यासाठी तो उपसून वाळत टाकला की तोही आम्ल नि सल्फेट सोडतो. बागेला सुपरफॉस्फेट घालत असाल तर त्यातही जिप्सम आहे.

आता क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरला सल्फेट २७०० च्या आसपास आणि क्लोराइड १९,००० च्या वर, म्हणजे सातपट. तुमचं ४३० खाडीचं असेल तर क्लोराइड तीन हजारांच्या घरात हवं, पाणी तोंडात धरवणार नाही. क्लोराइड शे-दोनशेच असेल तर खाडी सुटली, मग टेलिंग पाँडचं पाणी आणि गाळातलं एकूण गंधक तपासायला लावा, आणि खाणीच्या वरच्या अंगाची एखादी विहीरही त्याच दिवशी. तोवर पिण्याला दुसरं पाणी बघा, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेट २०० आहे, दुसरी सोयच नसेल तर ४०० पर्यंत, तुम्ही त्याच्याही वर आहात.