थेंबापासून हिशेब

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कातडीखालचा औषधाचा पंप बॅटरीशिवाय, बाहेरच्या कॉइलवर (तारेच्या वेटोळ्यातून आतल्या वेटोळ्याला बिनतारी वीज पोचवून) चालवायचं तू मनावर घेतलंस, फार आनंद झाला. बॅटरीच नसली की पंप लहान होतो आणि ती बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. उंदरांवर हे साधलंही आहे. अमेरिकेत जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१९ मध्ये मज्जातंतूभोवती बसणारं, बॅटरीविना औषध सोडणारं इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायचं उपकरण, दाखवलं.

पण तू ऊर्जेचा हिशेब कॉइलपासून मांडलायस. तो थेंबापासून मांड. १ मायक्रोलिटर औषध १० किलोपास्कल दाबाविरुद्ध ढकलायला काम लागतं जेमतेम १० मायक्रोज्यूल. तेच पाण्याचं विद्युत अपघटन करून, म्हणजे विजेने पाणी फोडून, हायड्रोजन-ऑक्सिजनच्या दाबाने ढकललंस, तर तेवढ्या वायूला सुमारे ५ मिलिकुलोम प्रभार लागतो. २ व्होल्टला १० मिलिज्यूल झाले. हजारपट! एवढी ऊर्जा पंपातच जाते. कॉइल कितीही सुधारलीस तरी ती परत मिळणार नाही.

टेबलावर दोन कॉइल समोरासमोर ठेवून घेतलेल्या रीडिंगवरही विसंबू नकोस. उंदीर मागच्या पायांवर उभा राहतो, कूस बदलतो. कॉइल ६० अंश कलली की पॉवर चौथाईवर येते, ९० अंशांना जवळजवळ शून्य. मग बाहेरच्या ट्रान्समीटरची पॉवर वाढवावीशी वाटते, तिथे उष्णता आडवी येते. माणसातल्या इम्प्लांटचा पृष्ठभाग शरीरापेक्षा २ अंशांहून जास्त तापू नये, असा दंडक आहे.

मला सगळ्यात काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वीज बंद म्हणजे औषध बंद नव्हे. साठलेला वायू दाब देतच राहतो. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर त्याचं पुन्हा पाणी होतं, पण सावकाश. तोवर औषध झिरपतं, आणि ते इन्सुलिन असेल तर जिवावर बेतू शकतं. वीज नसताना मिटलेली राहील अशीच झडप घे.

पुढच्या पत्रात कार्यक्षमतेची टक्केवारी नको. इम्प्लांट सलाईनमध्ये बुडव, कॉइल ६० अंश तिरकी ठेव, पंप चालव आणि वीज तोड. त्यानंतरच्या दहा मिनिटांत किती औषध आलं ते कळव. पंपाच्या तोंडाशी अर्ध्या मिलिमीटर व्यासाची केशनळी जोड. तिच्यात १ मायक्रोलिटर म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर, साध्या पट्टीनेही मोजता येईल.

तुझे,
सर