बारा वर्षांच्या खंडानंतर, बेचाळिशीत, पुन्हा शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरता येईल का?

येईल. पण येत्या सीझनला नाही, त्याच्या पुढच्या.

तुम्ही लिहिलंय की तिशीपर्यंत जिल्हा पातळीवर ७० किलो गटात खेळायचात. मग लग्न, नोकरी, मुलं यांत जिम सुटली. आता वजन ८८ आहे, चार महिन्यांपासून पुन्हा व्यायाम सुरू आहे आणि जुने मित्र म्हणतायत की तीन महिन्यांत तयार होशील. हे मित्र स्वतः ट्रंक घालून उभे राहणार नाहीयेत, एवढं लक्षात असू द्या.

मी परळचा. पूर्वी ६५ किलोत खेळायचो आणि बऱ्याच वर्षांनी मास्टर्स गटातून (चाळिशीपुढच्यांचा गट) परत उतरलो. त्या अनुभवावरून सांगतो की ज्याची आपल्याला सगळ्यात जास्त भीती असते तो मसल सगळ्यात आधी परत येतो. ज्याचा विचारही केलेला नसतो ते पोझिंग सगळ्यात शेवटी येतं. मधे सांधे, कमर आणि घर.

मसलचं शास्त्र थोडक्यात असं. व्यायामाने स्नायूपेशी वाढते तेव्हा तिच्यात नवीन केंद्रकं येतात. ओस्लोच्या संशोधकांनी २०१० साली उंदरांवर दाखवलं की व्यायाम थांबून स्नायू आक्रसला तरी ही केंद्रकं टिकून राहतात. माणसांत ते अजून तितकं सरळ सिद्ध झालेलं नाही, पण कुठल्याही जुन्या व्यायामशाळेत जाऊन बघा. नव्या पोराला जो दंड करायला दोन वर्षं लागतात तो जुन्या खेळाडूला सहा-आठ महिन्यांत परत मिळतो. तुम्हालाही चार महिन्यांत शर्टाच्या बाह्या घट्ट व्हायला लागल्या असतील.

खरा धोका इथेच आहे. मसल आणि ताकद भराभर वाढतात, कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, त्या वेगाने वाढत नाहीत. रक्तपुरवठा कमी असल्यामुळे त्यांना वेळ लागतो, आणि चाळिशीनंतर आणखीच. डोक्यात मात्र जुने आकडे पक्के बसलेले असतात, की बेंच एवढा मारायचो, डेडलिफ्ट तेवढी उचलायचो. चाळिशीतल्या पुरुषांचा बायसेप्स जिममध्ये कोपरापाशी तुटतो तो अनेकदा एक हात उलटा धरून केलेल्या जड डेडलिफ्टला, आणि छातीचा स्नायू फाटतो तो बेंच प्रेसमध्ये बार खाली येताना. पहिले सहा महिने बारा-पंधरा रेप्सचं काम करा, बार सावकाश खाली आणा. डेडलिफ्टला दोन्ही हात सरळ धरा आणि पकड सुटत असेल तर स्ट्रॅप वापरा. एक रेपची कमाल ताकद किती आहे हे स्टेजवर कुणी विचारत नाही.

आता हिशोब. ८८ किलोत चरबी २४ टक्के धरली तर चरबीचे झाले २१ किलो, बाकीचं ६७. जुना मसल तीन-चार किलो परत आला, डाएटमध्ये त्यातला थोडा गेला आणि चरबी सहा टक्क्यांपर्यंत उतरवली, तर स्टेजवर वजन भरेल ७२-७३. म्हणजे ७० च्या गटात बसणार नाही आणि ७५ मध्ये पूर्ण भरलेल्या पोरांसमोर दोन किलो कमी पडाल. हा तिढा आत्ताच सोडवून ठेवा. वजनाच्या रांगेत आधारकार्ड हातात धरून, टॉवेल गुंडाळून उभं असताना दोनशे ग्रॅम जास्त निघालं म्हणून दोरीवर उड्या मारत बसलेली माणसं मी खूप बघितली आहेत. तो माणूस गटात बसतो खरा, पण संध्याकाळी त्याच्या मांड्या पार सपाट पडलेल्या असतात.

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरवायचं, त्याहून जास्त नाही. त्यापेक्षा वेगाने गेलात तर मसल जायला लागतो. पंधरा किलोसाठी हे पाच-सहा महिने झाले. त्याआधी पाया बांधायला सहा महिने. म्हणून म्हटलं, पुढच्याच्या पुढचा सीझन. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा डिसेंबर ते मार्चमध्ये येतात, म्हणजे कटिंग, चरबी उतरवायचं डाएट, बरोबर गणपती-दिवाळीत पडतं. मोदक आणि फराळ घरात असतानाच तुम्ही उकडलेलं चिकन मोजून खाणार. प्रोटीन स्टेजवरच्या वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम धरा, म्हणजे रोज दीडशे ग्रॅमच्या आसपास. एका अंड्याच्या पांढऱ्यातून साडेतीन ग्रॅम मिळतं आणि शंभर ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टमधून बावीस-तेवीस. बाकीचं गणित तुम्हाला येतं, तुम्ही जुने आहात.

हे सगळं सुरू करण्याआधी घरात बसून नीट बोलून घ्या. विशीत आई डबा करून द्यायची आणि आपण चिडलो तर पोरगा दमलाय म्हणून सोडून द्यायची. बेचाळिशीत शेवटच्या सहा आठवड्यांत तुम्ही मुलांवर ओरडाल, रविवारी कुणाच्या लग्नाला जाणार नाही, गेलात तर जेवणार नाही, आणि रात्री दोनला जागे असाल. बायकोला हे आधी माहीत असलेलं बरं.

डॉक्टरकडेही आत्ताच जा, स्पर्धेच्या महिन्यात नाही. लिपिड प्रोफाइल, साखरेचं एचबीए१सी, ईसीजी, टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या. क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं वाढलेलं आलं तर लगेच घाबरू नका. मसल जास्त असला, क्रिएटिन घेत असलात, तर ते वाढतं. सिस्टॅटिन सी नावाची चाचणी मसलवर तेवढी अवलंबून नसते, डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

आणि ज्या विषयाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण जिममध्ये पहिल्याच आठवड्यात कानावर आलं असेल, ते म्हणजे कोर्स, म्हणजे स्टेरॉइड्स. ‘चाळिशी झाली, आता त्याशिवाय होत नाही,’ असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा तोच विकत असतो. त्याने रक्त घट्ट होतं, चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं आणि हृदयाची भिंत जाड होते. विशीत शरीर हे काही काळ झेपवतं, बेचाळिशीत ती जोखीम कितीतरी मोठी असते. हल्ली ‘टर्मीन’च्या नावाने मेफेंटरमाइनची इंजेक्शनं जिममध्ये फिरतात, पुण्यात पोलिसांनी त्याबद्दल लोकांना पकडलंही आहे. ते औषध आहे भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब पडला तर वर आणायचं. व्यायामाआधी ‘पंप’ यावा म्हणून ते टोचून घेणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. गल्ली-मंडळाच्या बहुतेक स्पर्धांत डोपिंगची चाचणी होत नाही, तेव्हा शेजारी उभा असलेला काय घेऊन आलाय हे तुम्हाला कळणार नाही. त्याच्याशी बरोबरी करायची नाही हे मनाशी पक्कं असेल तरच उतरा.

शेवटच्या आठवड्यातलं पाणी-मीठ तोडणंही तसंच. आपल्या काळात मीठ बंद, पाणी बंद, वर लघवीची गोळी, असं सर्रास चालायचं. मोहम्मद बेनाझिझा १९९२ साली स्पर्धा झाल्यावर गेला, आंद्रेयास म्युन्झर १९९६ साली. दोघंही जगातल्या पहिल्या फळीतले होते, आणि दोघांच्याही बाबतीत या गोळ्यांचं नाव निघालं. शिवाय याचा उपयोग तरी काय? स्नायूत साठवलेल्या एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बसतं. पाणीच तोडलं तर भात-बटाटा कितीही खा, मसल भरणार नाही. चरबी खरोखर उतरलेली असेल तर पाणी बंद करायची गरज नाही, आणि उतरलेली नसेल तर पाणी तोडून ती दिसेनाशी होत नाही.

मोठ्या लोकांचे पुनरागमन बघून हुरूप येतो, म्हणून तेही जरा नीट बघू. अर्नोल्ड श्वार्झनेगर १९७५ च्या मिस्टर ऑलिम्पियानंतर (जगातली सगळ्यात मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा) थांबला होता, १९८० ला सिडनीत अचानक उतरला आणि जिंकला. सगळे हेच सांगतात. पण त्या निकालावर सभागृहात हुर्यो उडाली होती आणि वाद अजून मिटलेला नाही. त्याच्या पायांबद्दल तेव्हाच बोललं गेलं. केव्हिन लेव्हरोन, चार वेळा ऑलिम्पियाला दुसरा आलेला, २०१६ ला तेरा वर्षांनी परत आला. वरचं शरीर बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मांड्या आल्याच नव्हत्या आणि पहिल्या दहात नाव नव्हतं. फ्लेक्स व्हीलर २०१७ ला ऑलिम्पियाच्याच क्लासिक फिजिक गटात उतरला, तोही खालीच राहिला. पहिल्या दोघांत कमी पडलेले दिसले ते पाय, आणि आपल्या पातळीवरही तेच होतं. छाती-दंड वर्षभरात जुन्या फोटोसारखे दिसायला लागतात. मांडीचं सेपरेशन (स्नायू वेगवेगळे दिसणं) आणि पार्श्वभागावरच्या रेषा सगळ्यात उशिरा येतात. त्यातच पोटाखालची त्वचा एकदा ताणली गेली की तिशीसारखी चिकटून बसत नाही.

पाय झाकायला मेन्स फिजिकमध्ये उतरू, असा विचार येईल. आपण थांबलो तेव्हा हा गट आपल्याकडे जवळपास नव्हताच, आता तिथेच सगळ्यात जास्त गर्दी असते. बोर्ड शॉर्ट्स घालून उभं राहायचं, मांड्या दिसत नाहीत. पण तिथे बारीक कमर आणि रुंद खांदे बघतात, शिवाय देखणेपणाही. पंचवीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत बेचाळिशीची कमर लगेच कळते. माझं मत विचाराल तर मास्टर्स. चाळीस वर्षांवरच्यांसाठी वेगळा गट असतो, तुलना आपल्या वयाच्या लोकांशी होते, आणि जुने प्रतिस्पर्धी तिथेच भेटतात, टक्कल पडलेले. खुल्या गटात उतरायची हौस असेल तर आधी हल्लीची एखादी जिल्हा स्पर्धा खुर्चीत बसून शेवटपर्यंत बघा. सुहास खामकर भारत श्रीमागून भारत श्री जिंकत होता त्या काळात जी कंडिशन (चरबी उतरून स्नायू किती रेखीव दिसतात ते) राज्य पातळीवर चालायची ती आता वस्तीतल्या मंडळाच्या स्पर्धेत दिसते. आपल्या जुन्या फोटोशी तुलना करून तयारी ठरवू नका.

आता पोझिंग. यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन, कारण परत आलेले लोक इथेच मार खातात. सात पोझ सक्तीच्या असतात आणि त्या तुम्हाला पाठ आहेत, प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा आहे की पंचांनी पाच जणांना पुढे बोलावलं की प्रत्येक पोझ ते म्हणतील तोपर्यंत धरायची असते. मधे रिलॅक्स म्हणून उभं राहायचं तेही पाय आवळून, पोट आत ओढून, चेहरा हसरा ठेवून. तुमच्या गटात चुरस असेल तर हे पंधरा मिनिटं चालतं. फ्रंट डबल बायसेप्स (समोरून दोन्ही दंड) धरून विसाव्या सेकंदाला मांडी थरथरायला लागते, अ‍ॅब्डॉमिनल अँड थायला (पोट आणि मांडीची पोझ) श्वास सोडून पोट आवळलं की कुठेतरी पेटका येतो. पाणी तोडलेल्याला तर हमखास. कमी कार्बवर, टॅन (अंगाला लावायचा गडद रंग) फासून, हॅलोजनच्या उन्हात हे करायचं म्हणजे पायांच्या व्यायामाइतकंच दमायला होतं.

तेव्हा रोज करा. आजपासून, पोट सुटलेलं असतानाच. पहिला महिना आरशासमोर, नंतर आरशाकडे पाठ करून, कारण स्टेजवर आरसा नसतो. बॅक डबल बायसेप्सला आपली पाठ आपल्याला कधीच दिसत नाही. मागे खुर्चीवर मोबाइल ठेवून व्हिडिओ काढा आणि मुख्य म्हणजे पोटऱ्या बघा. मागची पोझ घेताना टाच वर करून पोटरी आवळायला जवळपास प्रत्येक जण विसरतो, आणि पंच नेमके खाली टेबलापाशी बसलेले असतात, त्यांच्या डोळ्यांसमोर आधी पोटरीच येते. जुना कुणी सर मिळाला तर आठवड्यातून एकदा त्याच्यासमोर उभे राहा. तो ‘धर, धर, सोडू नको’ म्हणत राहील तेवढं धरायचं.

बॅकस्टेजला थोडं अवघडल्यासारखं होईल. सतरंजीवर पाय वर करून झोपलेली पोरं, कोपऱ्यात डंबेल्स आणि रबरबँड, कुणी चिक्की खातंय, कुणी जॅम. त्यातला एखादा ‘काका, जरा पाठीला टॅन लावता का?’ म्हणेल. लावा. मग तोच तुमच्या पाठीला लावेल, ती जागा स्वतःला जमत नाही. आदल्या रात्री झोपायला जुनी चादर घ्या, टॅनचा डाग जात नाही. स्पर्धा सातची लिहिलेली असली तरी मोठ्या गटांपर्यंत यायला मध्यरात्र होते, खाणं त्या हिशोबाने बरोबर ठेवा.

नाव देण्याआधी स्पर्धा कुठल्या संघटनेची आहे हे मात्र नक्की विचारा. आपल्या वेळेपेक्षा आता संघटना जास्त झाल्यात, आणि एकीच्या स्पर्धेत खेळल्यावर दुसरी आपल्याकडे खेळू देत नाही असे प्रकार होतात. जिल्हा संघटनेच्या माणसाला फोन करून मास्टर्सला वयाची अट किती आणि वयाचा दाखला कोणता लागतो तेही विचारून घ्या.

तुमची उंची लिहिलेली नाहीत, आणि जुनी दुखापत काही आहे का तेही नाही. कळवलंत तर ७० की ७५ यावर नक्की बोलता येईल.