लोकलच्या प्रवासासाठी इन-इअर घ्यावेत की ऑन-इअर?

तुम्ही लिहिलंय की रोज कल्याण ते सीएसएमटी लोकलने जाता, चष्मा आहे, बजेट दोन हजारांच्या आसपास आहे आणि मित्र म्हणतात ऑन-इअरचा, म्हणजे कानावर टेकणाऱ्या हेडफोनचा, आवाज जास्त भरीव असतो. माझं उत्तर इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, आणि त्यातही नेकबँड (गळ्यातल्या पट्ट्याला जोडलेले). मीही मध्य रेल्वेच्या गर्दीतच गाणी ऐकते आणि दोन्ही प्रकार वापरलेत, म्हणून कारणं जरा सविस्तर सांगते.

मित्रांचं म्हणणं घरापुरतं खरं आहे. शांत खोलीत चांगले ऑन-इअर मोकळे, ऐसपैस वाटतात. पण गाडीत पंख्यांची घरघर, मोटारचा आवाज, चाकांचा खडखडाट आणि उघड्या दारातून येणारा वारा असतो. या सगळ्यावर मात करायला आपण नकळत व्हॉल्यूम वाढवत जातो आणि कानांचं नुकसान तिथे होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास ऐकलं तर चालतं. 90 डेसिबलवर हीच मर्यादा 4 तासांवर येते. तुमचा जाऊन-येऊन वेळ रोजचा अडीच तास धरला, तर 90 वर ऐकताना सोमवारी सुरू झालेला आठवड्याचा कोटा मंगळवारी संध्याकाळी संपतो. त्यामुळे प्रवासासाठी घेताना बाहेरचा आवाज किती अडतो, हे मी सगळ्यात आधी बघते.

इथे ऑन-इअर कमी पडतात. त्यांची गादी कानावर टेकते, कानाला पूर्ण वेढत नाही (वेढणारे मोठे असतात ते ओव्हर-इअर, त्यांची गोष्ट वेगळी). कडेने फटी राहतात, बाहेरचं आत येतं आणि तुमचं गाणं शेजारच्याला ऐकू जातं. 1979 साली सोनीचा पहिला वॉकमन आला तो स्पंजच्या गाद्यांचे हलके ऑन-इअर घेऊनच. चालता-फिरता गाणी ऐकायची सवय जगाला त्यांनी लावली, पण बाहेरचा गोंगाट त्यांनी कधीच फारसा अडवला नाही. तुमच्या बाबतीत चष्म्याची भर आहे. गादी कानाला चष्म्याच्या दांडीवर दाबत राहते, ठाण्याच्या आधीच कानामागे ठणकायला लागतं आणि दांडीमुळे फट आणखी वाढते. कानात कुड्या किंवा झुमके घालणाऱ्यांचे तर याहून हाल होतात. शिवाय गर्दीत कुणाची तरी सॅक डोक्याला घासून जाते आणि हेडफोन तिरका होतो.

इन-इअरची रबरी टोकं कानाच्या नळीत बाटलीच्या बुचासारखी घट्ट बसली की बराच गोंगाट तिथेच थांबतो. पण ती खरोखर घट्ट बसायला हवीत, आणि बहुतेक लोक हेच तपासत नाहीत. इअरफोनच्या खोक्यात तीन मापांची टोकं येतात. मधलं आधीच लावलेलं असतं, तेच आयुष्यभर राहतं. तिन्ही लावून बघा. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागू शकतं. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, मग टोक आत सरकवा. गाणं न लावता कानाजवळ चुटकी वाजवा. आवाज दबलेला आला तर बसलंय. ढोलकीचा किंवा तबल्याच्या डग्याचा घुमारा गायब वाटत असेल तर टोक सैल आहे. इअरफोनला दोष देण्याआधी मोठं माप लावून बघा.

नॉइज कॅन्सलेशनसाठी (बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी करण्याची सोय) या बजेटमध्ये फार जीव टाकू नका. ते सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजांवर चालतं, म्हणजे पंखे आणि मोटार. डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ किंवा फेरीवाल्याची हाक त्याला फारशी पकडता येत नाही. असे तीक्ष्ण आवाज अडवते ती टोकांची घट्ट बसणीच.

नेकबँड अशासाठी की सुटे बड्स दादरला उतरताना धक्क्याने पडले तर फलाट आणि गाडीच्या फटीतून परत मिळत नाहीत. नेकबँड गळ्यातच राहतो. त्याची वायर कुणाच्या बॅगेत अडकू शकते, म्हणून मी तो कॉलरखाली घालते. पावसाळ्यासाठी निदान आयपीएक्स-4 (पाण्यापासून बचावाची श्रेणी) लिहिलेलं बघा. घाम आणि शिंतोडे त्याला सोसतात. पावसात भिजून गाडीत चढलात तर कान पुसून कोरडे झाल्याशिवाय टोकं घालू नका. आपल्या दमट हवेत कानात बुरशी होणं नवीन नाही, आणि ओल कोंडली की तिला आयतंच निमित्त मिळतं. टोकं काढून अधूनमधून धुवा, वाळवा, मगच लावा.

एका परिस्थितीत मात्र मी स्वतःच तुम्हाला ऑन-इअर घ्या म्हणेन: कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा नळीत सतत खाज येत असेल तर. तेव्हा आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि इन-इअर कानात घालूच नका. ऑन-इअर घेतलेत तर दुमडणारे घ्या, गाद्या सुट्या मिळतात का ते विचारा (त्यांचं रेक्झिन घामाने सोलतं), आणि गाडीत डब्यातला कोलाहल कमी असेल तेव्हाच गाणी ऐका, कारण फटीतून येणारा आवाज दाबायला व्हॉल्यूम चढवलात तर वरचा सगळा हिशेब पुन्हा लागू होतो.

आणि कुठलेही घेतलेत तरी फलाटावर एक कान मोकळा ठेवा. गाडी दुसऱ्या फलाटावर येणार असल्याची घोषणा ऐनवेळी होते, आणि रूळ ओलांडणाऱ्याला मागून येणारी फास्ट ऐकू येत नाही. पूल वापरा, कृपा करून.