रोज खटके उडत असतील तर जवळचं नातं कसं सावरायचं?

तुम्ही लिहिलंय की बायकोवर जीव आहे, पण क्षुल्लक कारणांवरून रोज खटके उडतात, मग दोन-दोन दिवस अबोला, आणि आता 'आमचं मुळात जमतच नाही का' अशी शंका यायला लागली आहे. तुमच्या प्रश्नातल्या भांडणांची मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती त्या अबोल्याची.

जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांची भांडणं चित्रित करून, त्याच जोडप्यांना पुढे अनेक वर्षं पुन्हा पुन्हा भेटून अभ्यास केला. त्यांना असं आढळलं की नवरा-बायकोमधले सुमारे ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत. एकाला सगळीकडे वेळेआधी पोचायचं असतं, दुसऱ्याला घाई सोसत नाही. सुखात नांदणारी माणसंही वर्षानुवर्षं त्याच त्या मुद्द्यांवर वाद घालतात. तेव्हा 'हा विषय एकदाचा मिटलाच पाहिजे' हा हट्ट आधी सोडा. तोच जास्त दमवतो.

अबोल्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून पाहतं, हात हलवतं, आवाज काढतं. काहीच उत्तर मिळत नाही म्हटल्यावर कासावीस होतं, तोंड फिरवतं. ट्रॉनिक यांच्याच पुढच्या संशोधनातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: एरवी छान खेळतानाही आई आणि बाळ यांचे सूर जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेले असतात. बाकी सगळी चुकामूक, आणि पुन्हा जुळवून घेणं. माया त्यातूनच घट्ट होते. मोठ्यांचंही याहून फार वेगळं नसावं. न पटणं माणसाला सोसतं. आपण हाक मारावी आणि समोरून काहीच येऊ नये, हे सोसत नाही.

आता हाक कशी असते ते पाहा. 'माझं चुकलं' असं सरळ म्हणणारे थोडेच. माझा मोठा भाऊ भांडणानंतर ते कधीच म्हणत नाही. तो फोन करून विचारतो, 'बाबांच्या गोळ्या संपल्या का?' संपलेल्या नाहीत हे त्याला पक्कं माहीत असतं. मी त्याला सगळं नीट सांगते, वर 'तू कसा आहेस' हेही विचारते, आणि तिथून आमचं बोलणं सुरू होतं. 'तेव्हा एवढं बोललास, आता फोन कशाला?' असं मी म्हणू शकते, पण मग तो पुढच्या वेळी फोन करणार नाही. म्हणून मला वाटतं, माफी मागायला शिकण्याआधी समोरच्याची अर्धवट, वेडीवाकडी माफी ओळखायला शिकावं. तुमची बायकोही अबोल्यात कधीतरी 'उद्या किती वाजता निघायचंय?' असं काहीतरी विचारत असेल. तेव्हा 'बघू' म्हणून तोडू नका.

भांडण तापलं असताना गप्प बसावंसं वाटणं साहजिक आहे. छाती धडधडत असताना समोरचा काय सांगतोय ते डोक्यात शिरतच नाही. गॉटमन अशा वेळी निदान २० मिनिटं थांबायला सांगतात. फक्त सांगून थांबा: 'मला आत्ता नीट बोलता येणार नाही, जरा वेळाने बोलू.' आणि खरंच परत या. तेवढ्या वेळात मनातल्या मनात तिला द्यायची उत्तरं रचत बसलात, तर थांबूनही उपयोग नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवते. मारहाण, धमक्या, सतत अपमान किंवा समोरच्याची भीती असेल, तर त्याला खटके म्हणत नाहीत. तिथे आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी आणि बाहेरची मदत घ्यावी. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही.

सध्या अबोला चालू असेल तर आज तुम्हीच बोला. भांडणाचा विषय काढू नका, कोणाचं बरोबर होतं तेही नको. तिच्या दिवसाबद्दल काहीतरी विचारा आणि हातातला मोबाईल बाजूला ठेवून ऐका. पहिलं उत्तर तुटक येईल. दोन दिवसांच्या शांततेनंतर ते तसंच येणार. त्यावर चिडून परत फिरू नका, थोड्या वेळाने पुन्हा बोला.