स्वतःच्या छोट्या प्रोग्रामिंग भाषेत एका ओळीतलं 'जर–नाहीतर' कसं बसवायचं?

तुमचं म्हणणं असं: सोलापुरी चादरी-टॉवेलच्या बिलांसाठी मराठी कीवर्डांची भाषा केलीय, त्यात 'जर' फक्त स्टेटमेंट (किंमत न देणारी स्वतंत्र आज्ञा) म्हणून चालतं, आणि आता 'सूट = जर नग < १०० तर ० नाहीतर ५' असं लिहायचंय. नुसतं 'निवड()' फंक्शन देऊन भागेल का?

नाही भागणार. फंक्शनचे सगळे आर्ग्युमेंट (कंसात दिलेल्या किमती) आधीच मोजले जातात. 'निवड(नग == ०, ०, एकूण / नग)' मध्ये नग शून्य असला तरी भागाकार होतोच, आणि प्रोग्राम तिथंच आडवा. 'आणि–किंवा'ची युक्तीही नको. शून्य खोटं धरणाऱ्या भाषेत '(नग < १००) आणि ० किंवा ५' चं उत्तर कायम ५! पायथनवाले याच खड्ड्यात पडायचे; शेवटी २००६ च्या २.५ आवृत्तीत वेगळी रचना आली. तिच्यात अट मधोमध असते. ती उचलू नका, मराठीत अट आधीच बोलतो आपण.

पार्सरमध्ये (कोड वाचून रचना ओळखणाऱ्या भागात) हा नियम असाइनमेंटच्या ('=' च्या) उजव्या बाजूला, 'किंवा'पेक्षाही सैल ठेवा, म्हणजे 'किंवा' आधी बांधला जाईल. 'जर' दिसला की अट वाचा, 'तर' घ्या, एक्स्प्रेशन (किंमत देणारा तुकडा), 'नाहीतर' घ्या, परत एक्स्प्रेशन. 'नाहीतर' सक्तीचा, नसेल तर किंमत काय द्यायची? ओळीच्या सुरुवातीचा 'जर' मात्र स्टेटमेंटचाच समजा.

एक फसगत नक्की होईल: '... नाहीतर ५ + वाहतूक' मध्ये वाहतूक फक्त दुसऱ्या फांदीत ('नाहीतर'नंतरच्या भागात) धरली जाते. दोन्हीकडे हवी तर अख्ख्या 'जर'ला कंस. (शब्दांऐवजी 'अट ? हे : ते' अशी प्रश्नचिन्ह-कोलनची खूण घेणार असाल तर साखळी उजवीकडून बांधा. पीएचपी भाषेत ती डावीकडून होती, ८.० पासून कंसाशिवाय लिहिली की एररच.)

बाइटकोडमध्ये (कंपायलर बनवतो त्या सूचनांत) क्रम असा: अट, 'खोटं तर उडी', पहिली फांदी, 'शेवटी उडी', दुसरी फांदी. दोन्ही उड्यांचे पत्ते आधी रिकामे ठेवून नंतर भरायचे. अटीची किंमत उडी मारतानाच स्टॅकवरून (चालू किमतींच्या चळतीवरून) काढा, दोन्ही वाटांवर. कंपायलर स्टॅकची खोली मोजत असेल, तर दुसरी फांदी सुरू करण्याआधी मोजणी एकने कमी करा. चालताना दोन्हींपैकी एकच फांदी किंमत ठेवते, पण कंपायलर दोन्ही मोजतो. हे विसरलं की स्टॅकवरची लोकल व्हेरिएबल एक घर सरकतात आणि बिलात भलताच आकडा येतो, एररही न देता.