साध्या साध्या गोष्टी ठरवतानाही माझा गोंधळ उडतो. यावर उपाय काय?

भाजी कुठली घ्यायची, फास्ट लोकल पकडायची की स्लो, यातच तुमची दमछाक होते असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे: ‘सगळ्यात चांगलं’ शोधणं सोडा, ‘आपल्याला पुरेसं चांगलं’ शोधा. सगळे पर्याय तपासणं माणसाला शक्यच नसतं, म्हणून गरज भागवणारा पर्याय मिळाला की तो थांबतो, असं अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकातच मांडलं होतं. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता हे ठाण्यात करून बघा. राम मारुती रोडला कुर्ता घ्यायला जाताय? अटी घरीच ठरवा: सुती, फिका रंग, हजाराच्या आत. तिन्हींत बसणारा पहिला कुर्ता घ्या आणि सरळ घरी या. घेतल्यावर दुसऱ्या दुकानातला भाव मुळीच विचारू नका, खरी चुटपुट तिथूनच सुरू होते.

रोजचे प्रश्न तर एकदाच निकालात काढा. सोमवारी उसळ, मंगळवारी पालेभाजी. दादरला जायचंय, घाई नाही? मग आधी येईल ती गाडी.

घर, नोकरी, लग्न यांना मात्र हा नियम लावू नका. तिथे वेळ घ्या, घरच्यांशी बोला.

आणि एक, हे मला महत्त्वाचं वाटतं: काहीच ठरवता न येणं, झोप उडणं, कशातच मन न लागणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी डॉक्टरांना भेटा, किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे आणि चोवीस तास चालते.