परसातली भाजी भाद्रपदात एकदम येते, दोन माणसांनी तिचं काय करावं?

तुम्ही लिहिलंय, की मुंबईहून रत्नागिरीजवळच्या घरी राहायला आलात, मिरगात हौसेनं बिया टोचल्या आणि आता गणपतीच्या तोंडावर भेंडी, पडवळ, शिराळी (दोडकी), तवशी (पावसाळी मोठ्या काकड्या) सगळं एकदम आलंय. घरात दोघंच. रोज तेच खाऊन कंटाळलात आणि टाकवतही नाही.

मी राजापूर तालुक्यात सत्तावीस वर्षं परस राखतेय. लग्न होऊन आले तेव्हा माझीही हीच गत झाली होती. टोपली भरून घरात आले की सासूबाईंचा पहिला प्रश्न असायचा, "कवळी किती नि जून किती?" पडवीत टोपली ओतायची, दोन ढीग करायचे, मगच चुलीकडे वळायचं. मला वाटतं तुमची अडचण नेमकी इथेच आहे. बाजारात सगळी भाजी एकाच वयाची मिळते, म्हणून आपण प्रत्येक भाजीची एकच कृती शिकतो. परसात एकाच वेलावर आठवड्याचं पोरही असतं आणि महिन्याचं म्हातारंही. दोघांना एकाच फोडणीत घातलं की भाजी बिघडते आणि खाणारा कंटाळतो.

भेंडीपासून सांगते. ती एक दिवसाआड काढाच. शेंगा झाडावर जून होऊ दिल्या की झाड बी धरायच्या मागे लागतं आणि फुलं कमी येतात. टोक मोडून बघा: कट्‌कन मोडलं तर भाजीची, नुसतं वाकलं तर जून. कोवळी भेंडी धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावर चिरायची. परतताना तीन-चार आमसुलं टाकायची, आंबटानं तार कमी होते, आणि मीठ शेवटी. जून शेंगा सोला. आतले दाणे पांढरे, मऊ असतील तर आमटीत मटारासारखे शिजतात. काळे झाले असतील तर बियाण्याला ठेवा.

पडवळाला खाली सुतळीनं दगड बांधलाय ना? नसेल तर आजच बांधा, नाहीतर ते वेटोळं होतं आणि चिरताना जीव जातो. कोवळ्या पडवळाच्या पातळ चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी पिळायचं आणि दही, मिरची, खोबरं घालून कोशिंबीर करायची. कच्चं पडवळ इतकं छान लागतं हे पुष्कळांना माहीतच नसतं. मध्यम वयाचं असेल तर वालाच्या डाळिंब्यांबरोबर. डाळिंब्या अर्ध्या शिजल्या की मगच पडवळ घाला, त्याचा लगदा होता कामा नये. जून पडवळाच्या बिया तव्यावर खमंग भाजून खोबरं, लसूण, सुक्या मिरचीबरोबर चटणी वाटा. पिकून केशरी झालेलं मात्र स्वयंपाकात घेऊ नका.

शिराळ्याच्या शिरा फेकत असाल तर ते आधी थांबवा. मूठभर शिरा थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट घालून भरड कुटा. भाकरीबरोबर याच्यापुढे मला दुसरं काही नको असतं. आत जाळी धरलेलं शिराळं कितीही उकडलंत तरी शिजायचं नाही. ते वेलावरच वाळू द्या, बी मिळेल आणि भांडी घासायला जाळी.

एक गोष्ट फार कळकळीनं सांगते. शिराळं, पडवळ, दुधी, तवसं चिरलं की पहिला तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू जहर लागला तर थुंकायचा आणि ते फळ टाकून द्यायचं. तो कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्याचा असतो, शिजवूनही त्याचा भरवसा नाही, आणि त्यानं उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात जाऊ शकतो. उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाच्या फळाला तर ही परीक्षा हवीच. इथे काटकसर करू नका.

आता तवसं, माझं सर्वांत लाडकं. कोवळं असताना कोशिंबीर सगळेच करतात. खरी गंमत साल पिवळं, तपकिरी होऊन फळ जड झालं की. त्याचं धोंडस करतात. बिया नि मऊ गर काढून तवसं किसायचं, सुटलेलं पाणी अजिबात टाकायचं नाही. पाण्यासकट दोन वाट्या किसाला एक वाटी तांदळाचा रवा, कोरडाच खमंग भाजलेला. पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची, चिमूट हळद, मीठ. कीस आणि गूळ उकळला की रवा घालून घट्ट होईपर्यंत ढवळायचं, मग तूप लावलेल्या जाड बुडाच्या टोपात थापायचं. सासूबाई खाली-वर निखारे ठेवायच्या. मी गॅसवर तवा, तव्यावर टोप, मंद आच, पाऊण तास, असं करते. कडेनं लालसर सुटलं की झालं. गरम असताना कापू नका, मोडतं. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

आणि प्रत्येकाचं एक-एक, दोन-दोनच उरलं असेल, तर त्यासाठी आपल्याकडे ऋषिपंचमी आहे. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलं, हातानं लावलेलं सगळं एका टोपात. आमच्याकडे फोडणी नसते. अळूचे देठ, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे आधी, थोड्या चिंचेच्या कोळात किंवा ठेचलेल्या अंबाड्यांबरोबर. अळूत आणि सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो, म्हणून आंबट हवं आणि शिजणंही पुरतं हवं. चिरताना हाताला तेल लावा. मग लाल भोपळा, माठ, पडवळ, शेवटी शिराळं आणि भेंडी. पाणी वेगळं घालू नका, वेलभाज्यांना स्वतःचंच पुष्कळ सुटतं. हिरवी मिरची, मीठ, वरून भरपूर ओलं खोबरं. ही भाजी वर्षातून एकदाच का करतात हे मला कधी कळलं नाही. मी गौरी गेल्यावरही दोनदा करते.

तवशी फार असतील तर सगळी आत्ताच संपवू नका. पूर्ण जून झालेली, साल न खरचटलेली तवशी देठासकट काढा, सुंभाच्या फासात अडकवून वाशाला टांगा, एकमेकांना चिकटू देऊ नका. वारा खेळता असेल तर दिवाळी ओलांडून जातात. तुमच्या तवशांचं साल अजून हिरवट-पांढरं असेल तर काढायची घाई करू नका, वेलावरच राहू देत.